जास्तीचे साडेसहा हजार प्रोसेसरमध्ये घालावेत का?

प्रश्न असा आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र आहे. दाखले, पीक विमा, पॅन कार्ड, फोटो प्रिंट, झेरॉक्स ही रोजची कामं. जुना कॉम्प्युटर आता साथ देत नाही. यवतमाळच्या दुकानदाराने दोन कोटेशन दिली आहेत, एक आय थ्री १२१०० चं आणि दुसरं आय फाइव्ह १२४०० चं. बाकी सामान सारखंच, फरक साडेसहा हजारांचा. वर त्याचा आग्रह की घ्यायचाच आहे तर आय सेव्हन घ्या, म्हणजे दहा वर्षं बघायचं काम नाही. धाकटा भाऊ लग्नसराईत व्हिडिओ शूटिंग करतो. आतापर्यंत मिक्सिंग (म्हणजे व्हिडिओची कापाकापी आणि जोडणी) बाहेर द्यायचे, आता ते घरीच करायचा विचार आहे. जास्तीचे पैसे वसूल होतील का?

भाऊ, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. नुसतं सेवा केंद्र चालवायचं असेल तर आय थ्री भरपूर झाला, ते साडेसहा हजार दुसरीकडे जास्त कामाला येतील. भावाचं मिक्सिंग याच मशीनवर होणार असेल तर आय फाइव्ह घ्या, पण नंबर नीट पाहून घ्या, त्यात एक-दोन खाचाखोचा आहेत. आय सेव्हन मात्र तुमच्या दोन्ही कामांसाठी नको. मी याच जिल्ह्यात मशीन जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. गावातल्या दुकानातलं मशीन कशामुळे हळू चालतं आणि कशामुळे बंद पडतं हे माझ्या टेबलावर रोज येतं, त्या अनुभवावरून हे लिहितोय.

महाग प्रोसेसर घ्यायचा की नाही हे प्रोसेसरकडे पाहून ठरत नाही. तुमचं काम नेमकं कशापाशी अडून बसतं, त्यावरून ठरतं. उत्पन्नाच्या दाखल्याचा एक अर्ज डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक रेशन कार्ड, आधार, तलाठ्याचा दाखला समोर ठेवतं. तुम्ही एकेक कागद स्कॅनरवर टाकता. स्कॅनरचा दिवा कागदावरून सरकतो तेवढा वेळ प्रोसेसर नुसता बसून असतो. मग फाइल ठरलेल्या केबीच्या आत बसवता, ते काम डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं. मग पोर्टलवर लॉगिन, ओटीपी, नाव-पत्ता टाइप करणं, कागद अपलोड करणं, आणि ते गोल फिरणारं चक्र. शेवटी पैसे भरणं आणि पावतीची प्रिंट. एका अर्जाला आठ मिनिटं लागली असं धरू. त्यातला प्रोसेसरने खरोखर जोर लावून काम केल्याचा वेळ अर्धा मिनिट धरला तरी तो जास्तच होईल. आता दीडपट वेगाचा प्रोसेसर बसवला तर त्या ३० सेकंदांचे २० होतील. म्हणजे आठ मिनिटांतले १० सेकंद वाचले. जून-जुलैत शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची रांग लागते, विम्याची शेवटची तारीख जवळ येते, तेव्हा तर सगळ्या महाराष्ट्रातली केंद्रं एकाच वेळी त्या सर्व्हरवर असतात. तिथे तुमच्याकडे कुठलाही प्रोसेसर असला तरी चक्र तेवढंच फिरणार.

हे माझ्या सांगण्यावर मानू नका. जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे ना? त्यावरच तपासा. ऐन गर्दीच्या वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जा आणि ती खिडकी एका कोपऱ्यात उघडी ठेवून नेहमीचं काम करा. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचे आकडे समोर दिसतील. मशीन अडकल्यासारखं वाटलं की लगेच तिकडे नजर टाका. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसलेली असेल तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. सगळेच आकडे खाली असतील आणि तरी पान उघडत नसेल, तर अडचण नेटची किंवा पलीकडच्या सर्व्हरची आहे. सीपीयूचा आकडा ८०-९० च्या वर बराच वेळ राहत असेल तरच प्रोसेसरचा विचार करायचा.

यात एक बारकावा आहे, तो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात, आणि एक कोअर एका वेळी कामाचे एक-दोन धागे (थ्रेड) चालवतो. सीपीयूचा आकडा हा सगळ्या धाग्यांची मिळून सरासरी असतो. आठ धाग्यांच्या प्रोसेसरवर एखादं जुनं सॉफ्टवेअर एकच धागा पूर्ण वापरत असेल तर आकडा दिसतो फक्त १२-१३ टक्के. वरवर वाटतं प्रोसेसर रिकामा आहे, पण तो एक धागा घाम गाळत असतो. त्या आलेखावर माउसचं उजवं बटण दाबून लॉजिकल प्रोसेसर्सचा पर्याय निवडला की प्रत्येकाची वेगळी चौकट दिसते. एकच चौकट सतत भरलेली आणि बाकीच्या रिकाम्या असतील तर जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन उपयोग नाही. तिथे एका कोअरचा वेग जास्त असलेला लागतो. कृषी केंद्रात किंवा किराणा दुकानात हिशेबाची जी सॉफ्टवेअरं चालतात, त्यांचा कारभार बहुतांश असाच असतो.

आता तुमच्या दोन प्रोसेसरमधला फरक पाहू. आय थ्री १२१०० मध्ये चार कोअर आणि आठ धागे, आय फाइव्ह १२४०० मध्ये सहा कोअर आणि बारा धागे. कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, १२ एमबीच्या जागी १८ एमबी. पण एका कोअरचा जास्तीत जास्त वेग पाहिला तर आय थ्रीचा ४.३ गिगाहर्ट्झ आणि आय फाइव्हचा ४.४. दोघं एकाच पिढीचे, आतली कोअरची रचनाही तीच. म्हणजे साडेसहा हजार जातात ते मुख्यतः दोन जास्तीच्या कोअरसाठी. एकाच धाग्यावर चालणाऱ्या कामात हा फरक तुम्हाला हाताला जाणवणार नाही.

जास्त कोअर कधी उपयोगी पडतात? वेचणीला चार बायांच्या जागी सहा लावल्या तर शेत लवकर निघतं, पण संध्याकाळी मोजायला काटा एकच असेल तर काट्यापाशी वेळ तेवढाच लागतो. जीन आमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली नेमकं हेच गणितात मांडलं, आणि आजही प्रोसेसर निवडताना यापेक्षा भरवशाचं माप माझ्याकडे नाही. समजा चार कोअरवर एका कामाला दहा मिनिटं लागतात. त्यातली नऊ मिनिटं वाटून घेण्यासारखी असतील तर सहा कोअरवर त्यांची सहा होतील, एकूण सात मिनिटं. निम्मंच काम वाटण्यासारखं असेल तर आठ मिनिटं वीस सेकंद लागतील. आणि काहीच वाटता येत नसेल तर दहाची दहा. व्हिडिओ बनवून बाहेर काढणं हे पहिल्या प्रकारचं काम आहे. फॉर्म भरणं तिसऱ्या प्रकारचं.

पैशाचा हिशेबही असाच रोकडा करा. मशीन पाच वर्षं चालेल असं धरलं तर साडेसहा हजार म्हणजे महिन्याला साधारण १०८ रुपये. त्या प्रोसेसरने महिन्याला १०८ रुपयांचं जास्तीचं काम करून दिलं पाहिजे. दाखल्याचा दर सरकारने ठरवलेला असतो. मशीन वेगवान आहे म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे देणार नाही, आणि गावातली माणसंही वाढणार नाहीत. मिक्सिंगचं तसं नाही. तिथे वाचलेल्या वेळात दुसऱ्या लग्नाचं काम हातात घेता येतं, आणि बाहेर जाणारा एका लग्नाचा मिक्सिंगचा पैसा घरात राहिला तरी वर्षभराची ती रक्कम निघते.

म्हणून आता भावाच्या कामाकडे वळतो, कारण खरा निर्णय तिथे आहे.

मिक्सिंगमध्ये वेळ दोन ठिकाणी जातो. एक टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडलेल्या पट्टीवर, कापाकापी करताना आणि दुसरा शेवटी एक्सपोर्ट करताना. लोक एक्सपोर्टचा वेळ मोजतात, पण एक्सपोर्ट रात्री लावून झोपता येतं. माणसाचा जीव जातो तो टाइमलाइनवर. क्लिप पुढे सरकवली की चित्र अडकतं, आवाज पुढे आणि नवरी मागे, दर कापावर तीन-चार सेकंद थांबायचं. अडीच तासांच्या लग्नात असे किती काप असतात ते भावाला विचारा. हे अडकणं कोअरच्या संख्येपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून असतं, ती म्हणजे कॅमेऱ्याची फाइल उलगडायला प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक कार्डमध्ये खास सोय आहे की नाही.

इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची ही सोय असते. एडियस आणि प्रीमिअर ही आपल्याकडे लग्नाच्या मिक्सिंगला चालणारी दोन्ही सॉफ्टवेअरं तिचा उपयोग करतात. आता नंबरातली पहिली खाच. नंबराच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर, म्हणजे १२४०० एफ, हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसतो, पण त्यात ग्राफिक्सच नसतात. सेवा केंद्रात वेगळं कार्ड न घालता तो लावला तर मॉनिटरवर चित्रच येणार नाही. आणि मिक्सिंगवाल्याने स्वस्त पडतो म्हणून तो घेतला तर क्विक सिंक हातची गेली. कोटेशनमध्ये एफ असेल तर खोडायला लावा.

दुसरी खाच यापेक्षा बारीक आहे. १२१०० आणि १२४०० या दोन्हींमध्ये यूएचडी ७३० हेच ग्राफिक्स आहेत आणि व्हिडिओ उलगडण्याचं इंजिन एक आहे. त्याच्या पुढचा १२५०० घेतला तर यूएचडी ७७० मिळतं आणि तशी इंजिनं दोन मिळतात. कोअर १२४०० इतकेच, सहा. नुसता कोअरचा आकडा पाहणाऱ्याला १२५०० साठी जास्त पैसे देणं वेडेपणा वाटेल. पण वेगळं ग्राफिक कार्ड न घेता व्हिडिओचं काम करायचं असेल तर मी १२४०० पेक्षा १२५०० शोधायला सांगेन. दोघांच्या किमतीत हजार-दीड हजारापर्यंतचा फरक असेल तर बिनधास्त द्या. तीन-चार हजार सांगत असेल तर राहू द्या, १२४०० वर काम होतं.

भावाच्या कॅमेऱ्याची एक क्लिप आधी तपासून घ्या. व्हीएलसी प्लेअरमध्ये ती क्लिप लावून टूल्समध्ये कोडेक इन्फॉर्मेशन उघडा. तिथे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत (एच २६४ किंवा एच २६५) आणि रंग किती बारकाईने साठवलेत (८ की १० बिट, ४:२:० की ४:२:२) ते दिसतं. साधा एच २६४, ८ बिट, ४:२:० असेल तर कुठलंही चालू पिढीचं ग्राफिक्स तो आरामात उलगडतं आणि आय थ्रीवरही मिक्सिंग जमतं. अलीकडचे कॅमेरे, उदाहरणार्थ २०२१ साली आलेला सोनीचा ए सेव्हन फोर, १० बिट ४:२:२ मध्येही शूट करतात. रंग सुधारायला तो प्रकार चांगला, पण मशीनला जड. त्यातला एच २६५ चा प्रकार इंटेलची ११ व्या पिढीपासूनची ग्राफिक्स स्वतः उलगडतात. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ती सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली, त्याआधीच्या कार्डांमध्ये नव्हती. म्हणूनच पस्तीस हजारांचं जुन्या मालिकेचं कार्ड घातलेलं मशीन तसल्या क्लिपवर अडकतं आणि बारा हजारांचा साधा इंटेल प्रोसेसर ती सरळ चालवतो, असं घडतं. त्याच कॅमेऱ्यात एच २६४ चा १० बिट ४:२:२ हाही पर्याय असतो, आणि ही ग्राफिक्स तो उलगडत नाहीत. सगळा भार कोअरवर पडतो. भावाने कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच २६५ निवडला, किंवा साध्या फंक्शनला ८ बिटवर शूट केलं, तर एक रुपया न घालता मशीन हलकं चालायला लागेल.

आणखी एक बिनपैशाचा उपाय म्हणजे प्रॉक्सी. सॉफ्टवेअरला मोठ्या क्लिपच्या छोट्या नकला बनवायला सांगायचं, कापाकापी त्या नकलांवर करायची. शेवटी एक्सपोर्ट मूळ क्लिपवरून होतो, त्यामुळे दर्जा कमी होत नाही. नकला बनायला रात्रभर लागो, दिवसा भावाचा हात अडत नाही. आय थ्री घ्यायची वेळ आली तर याच रस्त्याने जा.

तरीही मिक्सिंगसाठी मी आय फाइव्ह सुचवतो, त्याला आपल्याकडचं एक खास कारण आहे. गावात लाइटीचा भरवसा नाही. चार कोअरवर तीन तास चालणारा एक्सपोर्ट सहा कोअरवर सव्वादोन तासांच्या आत आला, तर मधेच लाइट जाऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची पाळी येण्याची शक्यता तेवढी घटते. शहरातल्या माणसाला वाचलेले पाऊणएक तास म्हणजे निव्वळ सोय. इथे त्या वेळात काम पूर्ण होतं की वाया जातं हे ठरतं. लांब फिल्म एका दमात काढू नका. हळद, लग्न, रिसेप्शन असे भाग वेगवेगळे एक्सपोर्ट करा, म्हणजे लाइट गेली तरी एकच भाग बुडेल.

आता आय सेव्हनचं सांगतो. आय सेव्हन १२७०० हा वाईट प्रोसेसर नाही, उलट फार दमदार आहे. बारा कोअर, वीस धागे. पण पूर्ण जोरात चालताना तो १८० वॅटपर्यंत वीज ओढतो. तेच आय फाइव्ह १२४०० साठी ११७ आणि आय थ्री १२१०० साठी ८९. ही सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती बाहेर फेकायला खोलीची हवाच वापरावी लागते. खोली २० अंशांनी जास्त तापली की चिपही साधारण तेवढ्याच अंशांनी जास्त तापते. कंपनीच्या चाचण्या एसीच्या खोलीत होतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुकानावर टिनाचं छप्पर असतं. १०० अंशांना पोचला की हा प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे लग्नसराईच्या ऐन उन्हाळ्यात, जेव्हा काम सगळ्यात जास्त, तेव्हाच ज्यासाठी पैसे मोजले तो वेग मिळत नाही. त्यात दुकानदार कोटेशन खाली आणायला एच ६१० या प्रकारचा सगळ्यात स्वस्त मदरबोर्ड (प्रोसेसर, रॅम ज्यावर बसतात तो बोर्ड) लावतो. त्या बोर्डाची वीज पुरवायची ताकद थोडी असते, तो १८० वॅट फार वेळ देऊ शकत नाही आणि प्रोसेसरला ६५ वॅटच्या आसपास आणून ठेवतो. आय सेव्हन पूर्ण जोराने चालवायचा तर बोर्ड चांगला, कूलर मोठा, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मोठा, यूपीएस मोठा. म्हणजे पैसे एका चिपचे नाहीत, चार-पाच ठिकाणी लागतात.

उष्णतेबरोबर धूळ आलीच. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी "मशीन हळू झालं" म्हणून आणलेली कितीतरी मशीन मी नुसती साफ करून परत देतो. जिनिंगच्या आसपासच्या दुकानातल्या मशीनचं झाकण काढलं की प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईची गादीच बसलेली असते. पंखा गरगर फिरतोय, पण हवा पात्यांच्या आत जातच नाही. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांत कुटाराची धूळ येते, तीही तशीच चिकटते. पंख्याचे चार खिळे सोडवून पाती ब्रशने मोकळी केली आणि वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली की तेच मशीन पुन्हा पहिल्यासारखं धावतं. खर्च शंभर-दीडशे रुपयांची पेस्ट. तुमचं जुनं मशीन सोडून देण्याआधी हे एकदा करून पाहाच. उन्हाळ्यात कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. तिने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडतात आणि मग मशीन सुरूच होत नाही. तसं झालं तर रॅम काढून त्या पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

सेवा केंद्रासाठी आय थ्री घेतल्यावर वाचलेले पैसे कुठे घालायचे? सगळ्यात आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, कोटेशनमध्ये नसेल तर. साधी फिरती हार्ड डिस्क मोठी फाइल सलग वाचताना शे-दीडशे एमबीचा वेग देते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, तिथे ती सेकंदाला एखाद्या एमबीवर येते. मशीन सुरू व्हायला चार मिनिटं लागतात ती यामुळे. एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी) एसएसडी लावली की तेच काम अर्ध्या मिनिटाच्या आत होतं.

मग रॅम. विंडोज ११, क्रोमची दहा-बारा पानं, स्कॅनर, अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर आणि फोटोशॉप एवढं उघडलं की ८ जीबी संपते. १६ घ्या, आणि ८-८ च्या दोन घ्या, कारण दोन पट्ट्यांवर ग्राफिक्सला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, कारण कंपन्यांनी उत्पादन एआयच्या सर्व्हरांकडे वळवलं. त्यामुळे दुकानदार ८ जीबी टाकून कोटेशनचा आकडा खाली दाखवतात आणि वर आय फाइव्हचं नाव लावतात. आय फाइव्ह आणि ८ जीबीपेक्षा आय थ्री आणि १६ जीबी हे मशीन तुमच्या कामाला कधीही सरस. तुमच्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर फोर रॅम असेल तर डीडीआर फोर चालणारा एच ६१० बोर्ड मागा आणि जुन्या पट्ट्या नव्या मशीनमध्ये लावायला सांगा. हजारो रुपये वाचतील.

तिसरं म्हणजे वीज. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, बंद झाले की उसळतं, आणि बऱ्याच घरांत अर्थिंग नावालाच असते. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस हे सहन करत नाही, आणि जाताना बोर्डलाही घेऊन जातो. नाव असलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस आणि ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूला यूपीएस आणि इको असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. इकोवर असलं की लाइट गेल्यावर इन्व्हर्टर यायला जरा वेळ घेतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो.

कोणी तुम्हाला जुना आय सेव्हन स्वस्तात दाखवेल. नागपूर-अमरावतीच्या बाजारात कंपन्यांमधून निघालेली मशीन येतात आणि आय सेव्हनचं स्टिकर पाहून माणूस भुलतो. नंबर वाचा. चार आकडी नंबराचा पहिला आकडा, पाच आकडी असेल तर पहिले दोन, ही त्याची पिढी. आय सेव्हन ४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालचा. त्यातही चार कोअर, आठ धागे, म्हणजे कागदावर तुमच्या आय थ्री १२१०० सारखाच, पण एका कोअरच्या वेगात नवा आय थ्री त्याच्या दीडपटीहून पुढे आहे. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जिथे लोकांचे आधार नंबर आणि बँक खाती हाताळता, तिथे सुरक्षेचे अपडेट न मिळणारं मशीन ठेवू नका.

लॅपटॉपमध्ये नावांची फसगत आणखी मोठी आहे, कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी तुमच्याकडे कोणी विचारलं तर सांगा. एएमडी कंपनीचे रायझन फाइव्ह ७५२० यू आणि रायझन फाइव्ह ७५३० यू हे प्रोसेसर दिसायला शेजारी, पण पहिल्यात जुन्या झेन टू रचनेचे चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात झेन थ्रीचे सहा. तिथे दोन-तीन हजार जास्त देऊन ७५३० घ्यावा, कारण लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डला कायमचा जोडलेला असतो, पुढे बदलता येत नाही.

तुमच्या मशीनचं तसं नाही, आणि म्हणूनच आत्ता आय थ्री घ्यायला धाकधूक नको. बोर्डवर प्रोसेसर ज्यात बसतो त्या एलजीए १७०० या सॉकेटमध्ये इंटेलच्या १२, १३ आणि १४ या तिन्ही पिढ्या बसतात. दोन वर्षांनी भावाचं काम वाढलं तर त्याच बोर्डवर आय फाइव्ह लावता येईल, लागलंच तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून. तोपर्यंत वापरलेले प्रोसेसरही बाजारात आलेले असतील. मशीनमधल्या सगळ्या भागांत प्रोसेसर हा सगळ्यात कमी बिघडणारा भाग, त्यामुळे तो जुना घ्यायला मी भीत नाही. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र कधीच जुनी घेत नाही.

कोटेशन पक्कं करताना प्रोसेसर डब्यातला आहे की सुटा हे विचारा. डब्यातल्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आणि सोबत पंखा असतो. सुट्याला बहुधा फक्त दुकानदाराचा शब्द, आणि पंख्याचे पैसे वेगळे. डब्यावरचा सिरीयल नंबर आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर पावतीवर लिहून घ्या, नुसतं "आय फाइव्ह" लिहिलेली पावती स्वीकारू नका. यवतमाळला जायच्या आधी भावाची ती क्लिप तेवढी तपासा. ८ बिट निघाली आणि महिन्याला एखादंच लग्न असेल तर आय थ्री घेऊन या, वर्षभर त्यावर मिक्सिंग करून पाहा. १० बिट असेल किंवा डिसेंबर ते मे सलग कामं असतील तर १२५०० ची विचारणा करा, नसेल तर १२४००.